पोथीपासून गिटपर्यंत : बदलांची वंशावळ

माझ्या संगणकात एकाच मुलाखतीच्या दोन फायली आहेत. एकीचे नाव ‘अंतिम’, दुसरीचे ‘अंतिम नवीन’. सोलापूरच्या जुन्या गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या एका वृद्ध विणकराशी मी वीस वर्षांपूर्वी बोललो होतो. ८ मे १९३० रोजी आपल्या शहरात गोळीबार झाला, तेव्हा ते लहान होते. एका फायलीत त्यांचे वाक्य आहे, ‘माणसं पडलेली मी पाहिली.’ दुसरीत आहे, ‘माणसं पडल्याचं मी ऐकलं.’ भाषा नीटनेटकी करताना कधीतरी मीच हा बदल केला. ते आजोबा आता नाहीत. कॅसेटला बुरशी लागली. नव्या संगणकावर नकला करताना फायलींच्या मूळ तारखाही गेल्या. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांतला फरक इतिहासात सर्वांत मोलाचा. तोच माझ्या हातून हरवला.

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा भाचा हे ऐकून म्हणाला, “मामा, तुम्ही गिट का वापरत नाही? आम्ही एक ओळ बदलली तरी तिची नोंद राहते.” माझे संगणकज्ञान टायपिंगपुरते. तरी उत्सुकतेपोटी या ‘नोंदी’चा इतिहास शोधू लागलो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण होती. १९७२ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी फायलीतले बदल क्रमाने साठवणारी ‘एससीसीएस’ ही प्रणाली तयार केली. १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ आली. पुढे ‘सीव्हीएस’मुळे अनेकांना एकत्र काम करता येऊ लागले. मात्र बदलांचा सगळा इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर राही. इतरांच्या हाती फक्त चालू प्रत असे. गावच्या कुलकर्ण्याकडेच दप्तर असावे, तसा हा कारभार.

पूर्ण दप्तर प्रत्येकाकडे देणाऱ्या ‘वितरित’ प्रणाली त्यानंतर आल्या. लिनक्सचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या व्यापारी प्रणालीवर चाले. २००५ मध्ये वाद होऊन तिचा मोफत वापर बंद झाला. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहायला घेतले. काही दिवसांतच गिटच्या स्वतःच्या बदलांची नोंद गिटमध्येच होऊ लागली. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरिअल’ जाहीर केले. जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो पाहू लागले.

गिटमधील प्रत्येक नोंदीत बदल करणाऱ्याचे नाव, वेळ, कारण आणि आधीच्या नोंदीची खूण असते. या सगळ्यावरून नव्या नोंदीची स्वतःची खूण गणिताने ठरते. जुनी नोंद गुपचूप बदलली, तर पुढच्या सर्व खुणा बदलतात. इतिहास नव्याने लिहिता येतच नाही असे नव्हे. पण ज्यांच्याकडे आधीची प्रत आहे, त्यांना तो फेरफार कळतो. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर गिट थांबते आणि निवड माणसावर सोपवते.

हे वाचताना मला पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवले. तिथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. १९२५ पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते; १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ते काम पुढे नेले. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहून मूळ पाठ ठरवला गेला. न स्वीकारलेले पाठही तळटीपांत छापले, म्हणजे वाचकाला संपादकाची निवड तपासता येते. महाभारताच्या पोथ्याही ‘वितरित’च होत्या. काश्मीरची प्रत नष्ट झाली तरी केरळची उरे. पण कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हे बहुतेक लेखनिकांनी लिहून ठेवले नव्हते. ती वंशावळ संपादकांना समान चुकांवरून शोधावी लागली. गिटने नेमकी तीच उणीव भरून काढली : इथे प्रत्येक नोंद आपला पूर्वज स्वतः सांगते.

माझ्या दोन फायलींना मात्र गिट आता उशिरा लाभले आहे. यंत्राला हरवलेला पूर्वज परत आणता येत नाही. म्हणून मी संपादकांचीच रीत धरली. सुधारणाऱ्याचा हात साक्ष बळकट करण्याकडे झुकतो, हे माझ्याच इतर टिपणांवरून मला दिसले. त्यामुळे मुख्य मजकुरात ‘ऐकलं’ ठेवले, तळटीपेत ‘पाहिली’ दिले, आणि नोंदीत कारण लिहिले. पूर्ण दप्तराची एक प्रत सोलापुरात आहे, दुसरी पुण्यात भाच्याकडे. माझा निर्णय उद्या कुणाला चुकीचा वाटला, तर तो का घेतला हे त्याला वाचता येईल.