श्रीरामपूरची डॅनिश सनद व धर्मोपदेशकांच्या पदव्या

जुन्या श्रीरामपुरी मुद्रणाचा संग्रह करणारांचा दोन गोष्टींविषयीं वारंवार घोटाळा होतो, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. एक, विल्यम कॅरेच्या नांवापुढें येणारी 'डी. डी.' ही पदवी. व दुसरी, डेन्मार्कच्या राजानें श्रीरामपूरच्या विद्यालयास दिलेली पदवीदानाची सनद. या दोहोंचा संबंध जोडून, कॅरेस श्रीरामपूरनेंच डॉक्टर केलें, किंवा सनद हातीं पडतांच तेथें देवविद्येचे पदवीधर निपजूं लागले, अशीं अनुमानें केलीं जातात. दोन्ही निराधार आहेत; आणि जुना कागद पारखण्याच्या कामीं तीं घातक ठरतात, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम 'डॉक्टर' या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानांत घेतला पाहिजे. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ शिकविणारा. पॅरिसच्या विद्यापीठास १२१५ सालीं पोपचा वकील रॉबर्ट द कूरसाँ यानें जे नियम लावून दिले, त्यांत वयाचीं ३५ वर्षें झाल्यावांचून व निदान ८ वर्षें अध्ययन केल्यावांचून कोणीं देवविद्येवर व्याख्यान देऊं नये, असें बंधन आहे. वर्तन व विद्या या दोहोंची कसोटी होतीच. म्हणजे ही योग्यता पाठशाळेंतील अध्यापकाची. गांवोगांवीं उपासना चालविणाऱ्या पाळकाची नव्हे. पुढें विद्यापीठें ही पदवी परीक्षेवांचून, केवळ बहुमानार्थहि देऊं लागलीं.

कॅरेची पदवी या दुसऱ्या प्रकारची. जोडे शिवण्याचा धंदा करून स्वतःच्या हिंमतीवर भाषा शिकलेल्या या पुरुषानें कोणत्याहि विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून चढली नव्हती. त्यास 'डी. डी.' दिली ती अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठानें, १८०७ सालीं. यावरून संग्राहकांस एक साधा नियम मिळतो: ज्या मुखपृष्ठावर कॅरेच्या नांवाशीं ही पदवी आहे, तें १८०७ पूर्वीं छापलेलें असूं शकत नाहीं. त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालचें आहे व मोडी टाइपांतील कोश १८१० सालचा. पदवी नसली म्हणजे पुस्तक १८०७ पूर्वींचेंच, असा उलट नियम मात्र कोणीं करूं नये. ओघांत आलें म्हणून सांगतों कीं, या मराठी ग्रंथांच्या कामीं ज्याचें साहाय्य कॅरेस झालें, तो फोर्ट विल्यम कॉलेजांतील मुख्य मराठी पंडित वैद्यनाथ हा आमच्या लोकांच्या स्मरणांत असावा तितका नाहीं.

आतां सनदेकडे वळूं. विद्यालय १८१८ सालीं ३७ विद्यार्थ्यांनिशीं सुरू झालें. त्याच्या योजनेंत संस्कृतास अग्रस्थान होतें; देशी उपदेशकास आपल्या देशबांधवांचीं मतें त्यांच्याच ग्रंथांवरून ठाऊक असलीं पाहिजेत, हा त्यांतील हेतु. आमच्या मतें सबंध योजनेंतील हीच गोष्ट सर्वांत दूरदृष्टीची होती. जॉशुआ मार्शमन यूरोपांत गेला असतां कोपनहेगन येथें त्यानें खटपट केली, आणि सहावा फ्रेडरिक राजा यानें ता. २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं सनद दिली. तिनें विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १८३३ सालीं नियमावली तयार झाली. तींत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणासहि प्रवेश नाकारूं नये असें ठरविलें आहे. त्या काळचा विचार करतां हें कलम लहान नव्हे.

पण अधिकार असणें निराळें आणि तो चालविणें निराळें. वॉर्ड १८२३ सालींच वारला होता. कॅरे १८३४ त व मार्शमन १८३७ त गेला. १८३० पासून कलकत्त्याच्या मोठ्या इंग्रजी पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यांत विद्यालयाचा पैसाहि गेला. १८४५ सालीं डेन्मार्कनें हें ठाणें इंग्रजांस विकलें. करारांत विद्यालयाचे हक्क राखून ठेवले होते, परंतु पुढें १८५७ सालीं तें कलकत्ता विद्यापीठास जोडलें गेलें, व १८८३ सालीं तर त्याचा साहित्यशाखेचा भाग बंदच पडला. सनद पेटींत राहिली. ती बाहेर काढण्याचें श्रेय जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याचें. देवविद्येची बी. डी. ही पदवी श्रीरामपूरनें पहिल्यानें दिली ती १९१५ सालीं, तिघांस. आणि १९१८ च्या बंगाल कायद्यानें सिनेट स्थापन होऊन या कारभारास पक्की घडी बसली. तेव्हां १८२७ ते १९१४ या अवधींतील श्रीरामपूरचें देवविद्येचें पदवीपत्र म्हणून कोणी कांहीं पुढें केल्यास तें विकत घेण्यापूर्वीं शाई, कागद व मोहोर हीं तिन्ही तपासावीं.

राहतां राहिला पाळकाच्या स्वतंत्र 'डॉक्टर' पदवीचा प्रश्न. ही अगदीं अलीकडची वस्तु. 'डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री' या नांवानें ती १९७० च्या सुमारास अमेरिकेंत रूढ झाली. तिच्या अटी पॅरिसच्या नियमांशीं ताडून पाहण्याजोग्या आहेत. आधीं देवविद्येची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. त्यानंतर साधारणपणें तीन वर्षें प्रत्यक्ष सेवेचा अनुभव. मग आपल्या जागेवर काम करीत राहूनच अभ्यास. आणि शेवटीं आपल्याच मंडळींतील एखादी अडचण घेऊन तिच्यावर केलेल्या उपायाचा लेखी अहवाल. ग्रंथसंशोधनाची 'पीएच. डी.' ती हीच नव्हे. पॅरिसला अध्ययनाचीं वर्षें मोजीत. येथें सेवेचींहि मोजतात. कित्येक विद्वान् या पदवीस हलकी लेखतात. आम्हांस तें पटत नाहीं. परीक्षेवांचून मिळणाऱ्या बहुमानाच्या 'डी. डी.' पेक्षां हिच्या मागें श्रम अधिक आहेत, व तिचे अहवाल नीट जपून ठेवले गेल्यास पुढील काळच्या संशोधकांस एकेका मंडळीच्या दैनंदिन जीवनाचें अस्सल साधन त्यांतच सांपडेल.