थारोळं बुडालं का?

आमच्या घरी पाऊस मिलिमीटरमध्ये कधी कुणी मोजला नाही. बोरीला लाल पाणी आलं की ओसरीवरचे आबा रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून विचारायचे, "दोन्ही पडायलेत का एकच?" नळदुर्गच्या माणसाला एवढं पुरतं. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी दोन वाटांनी खाली झेपावतं. एका धबधब्याला आम्ही नर म्हणतो, दुसऱ्याला मादी. दोन्ही जोरात पडत असतील तर विहिरी वर येणार, उसाचं बेणं वाचणार, लग्नं पुढं ढकलावी लागणार नाहीत, असा त्याचा अर्थ.

तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या डोंगरांतून बोरी निघते आणि दक्षिणेला उतरत पुढं भीमेला मिळते. वाटेत नळदुर्गला काळ्या कातळाचं पठार तिला आडवं येतं. तिला वळसा घेऊन जावं लागतं आणि त्या वळशातच किल्ला बसला आहे. सुमारे सव्वाशे एकरांचा पसारा, तीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी, 114 बुरूज. नदीपलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा धाकटा किल्ला. दोघांच्या मधोमध नदीच्या पात्रात जी दगडी भिंत उभी आहे, तिनं गावाला तळं दिलं. भुईकोट किल्ले मराठवाड्यात पुष्कळ आहेत. आमच्याच जिल्ह्यातला परांड्याचा तर देखणा आहे. पण नदी कंबरेला बांधून उभा राहिलेला किल्ला एवढाच.

आजीच्या गोष्टीत हे सगळं नळराजाचं. नळ आणि दमयंती इथं राहिले, दमयंतीच्या भक्तीनं खंडोबा मैलारपूरला आला, म्हणून गावाला नळाचं नाव. तो देव अजूनही दोन गावांचा आहे. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने आमच्याकडं, मैलारपूरला. देव न्यायचा-आणायचा तो दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार करून. पौषी पौर्णिमेच्या यात्रेत आजीच्या खांद्यावर बसून भंडारा अंगावर घेतलेला मला आठवतो. केसांतून तो आठवडाभर जात नसे.

कॉलेजात गेल्यावर मी आजीला दुरुस्त करायला लागले. किल्ला आधी मातीचा होता. पुढं त्याला दगडी तट चढले. बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल 1613 साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बांधून घेतला. शिलालेख आहे, वाचता येतो. आजी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "राजा कोणता का असंना माय. पाणी अडवलं तर कुणाचं रान बुडालं, ते लिहिलंय का तुझ्या दगडावर?"

दगडावर तसं काही लिहिलेलं नाही. तिनं तो प्रश्न का विचारला, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पाणीमहालात पहिल्यांदा गेले ती आबांचं बोट धरून. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालताना पोटात काही आहे याची शंकाही येत नाही. मग भिंतीतच एक अरुंद जिना उघडतो. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, हात लावावा तिथं शेवाळ, वटवाघळांचा उग्र वास. आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. खाली उतरलं की कोरीव कमानींची छोटी दालनं लागतात, आणि त्यांच्या सज्ज्यासमोरून अख्खी नदी पडत असते. पाणी डोक्यावरून पुढं फेकलं जातं आणि आपण त्याच्या पाठीमागं कोरडे उभे. उजेड पाण्यातून गाळून येतो, हिरवट-पांढरा. माणसांचे चेहरे त्यात ओळखू येत नाहीत. तुषार मात्र येतात आणि पापण्यांवर बसतात. आबांनी माझा तळहात भिंतीला लावला. भिंत थरथरत होती. मी घाबरून हात मागं घेतला तर ते म्हणाले, "ती पडत नाही. तिला सवय आहे."

वरच्या बाजूला तुडुंब पाण्याचा रेटा, खालच्या बाजूला कोसळती धार, आणि मधल्या भिंतीच्या पोटात माणसानं बसून संध्याकाळ घालवायची. बंधारा, खंदकाचं पाणी, दोन किल्ल्यांमधला पूल आणि महाल, अशी चार कामं एका भिंतीनं करायची. हा इब्राहिम संगीताचा वेडा होता. विजापूरजवळ त्यानं नवरसपूर वसवलं. धबधब्याच्या आत बसून तो ऐकायची कल्पना अशाच माणसाला सुचणार, असं मला मनापासून वाटतं. मुलांना नेते तेव्हा मी त्याचं नाव घेते आणि आजीचा नळराजाही सांगते.

इब्राहिमनंतर मोगल आले, मग निजाम, मध्ये काही काळ पेशवे. त्यातलं आबांच्या तोंडी फारसं काही नसे. त्यांची गोष्ट थेट येऊन थांबायची ती 'टेलरसाहेबा'वर. 1853च्या तहात निजामानं सैन्याच्या खर्चापोटी वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांना दिला आणि फिलिप मेडोज टेलर इथं डेप्युटी कमिशनर म्हणून आला. ठगांवरची त्याची कादंबरी 1839 सालीच गाजली होती. 1857 साली त्याला वऱ्हाडात पाठवलं, तोवर तो आमच्याकडं होता. पुढं त्यानं 'तारा' ही कादंबरी लिहिली, ती तुळजापूरच्या मुलीची. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचा किल्ला आणि बंधारा आहे. परक्या माणसानं आपल्या नदीबद्दल मनापासून लिहिलेलं वाचताना मला भरून आलं होतं.

1860 साली इंग्रजांनी हा भाग निजामाला परत केला. तेव्हा आमच्या नावाचा जिल्हा होता, नळदुर्ग जिल्हा. पुढं कचेऱ्या धाराशिवला, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद, आणि आता परत धाराशिव. नळदुर्ग तुळजापूर तालुक्यातलं एक गाव होऊन राहिलं. जुनी माणसं हे सांगताना आवाज खाली आणायची, घरातली जमीन गेल्याचं सांगावं तसं.

आजी लग्न होऊन आली ती निजामाच्या राज्यात. माहेर सोलापूरकडचं, म्हणजे इंग्रजी हद्दीतलं. मध्ये करोडगिरीचा नाका. लुगडं नेलं तरी गाठोडं सोडून दाखवावं लागे. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली. रझाकारांचे दिवस सुरू झाले तेव्हा कितीतरी घरं रातोरात हद्द ओलांडून सोलापूरला गेली. आमचं घर गेलं नाही, कारण नदीकाठी पानमळा होता. पानमळा सोडून जाता येत नाही. वेलींना रोज पाणी लागतं, शेवरी-पांगाऱ्याची सावली राखावी लागते, उतरणीच्या वेळी वेल वाटोळा करून मातीत दाबावा लागतो. तान्हं पोर आणि पानमळा सारखाच, आजी म्हणायची.

13 सप्टेंबर 1948. पहाटे सोलापूरकडून धडधड ऐकू आली. आजीनं तांब्या-पितळेची भांडी एका दोरात ओवून मळ्यातल्या विहिरीत सोडली आणि पोरांना घेऊन मोटेच्या धावेखाली बसली. हैदराबादवरच्या कारवाईतली पहिली लढाई झाली ती नळदुर्गलाच. बोरीवरचा पूल उडवायच्या आत भारतीय फौजेनं तो शाबूत ताब्यात घेतला आणि शीख पलटणीनं नळदुर्गच्या मोर्च्यांवर चाल केली. पूल गेला असता तर फौजा नदीकाठी खोळंबल्या असत्या. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. पाच दिवसांचा हा इतिहास आता पुस्तकांत सविस्तर आहे. आजीच्या तोंडी त्याचं एकच वाक्य होतं: भांडी वर काढली तेव्हा एक तांब्या निघाला नाही.

पुढं माझ्या जन्माच्या आधी वरच्या अंगाला नदीवर नवं धरण झालं. आज गावाचं पिणं त्याच्यावर आहे, नर-मादी पडतात ते धरण ओसंडल्यावर. त्या धरणात आमचा पानमळा गेला. विहीर, धाव, पांगाऱ्याची झाडं, सगळं. मोबदला आला, तो लवकरच संपला. मग 1972च्या दुष्काळात पानांच्या धंद्यातलं ते घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. लाल मिलोची भाकरी आजीच्या घशाखाली उतरायची नाही. सुकडी ती मुलांसाठी पदरात बांधून आणायची. धरणाला तिनं कधी शिव्या दिल्या नाहीत. पहिल्या वर्षी ते भरलं तेव्हा खण-नारळानं नदीची ओटी भरणाऱ्या बायकांत तीही होती. तिचं रान त्या पाण्याखाली होतं आणि ती हळदी-कुंकू वाहत होती. मला हे अजूनही पुरतं उलगडत नाही.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या माळवदाची माती अंगावर गळली. किल्लारी, सास्तूरकडं हजारो माणसं गेली. त्यात आमचे सोयरेही होते. उजाडल्यावर आबा कुणाला न सांगता किल्ल्यात गेले. तासाभरानं परतले, पायांना चिखल. म्हणाले, "बंधारा जागेवर आहे." आणि मग रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

2016च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमचं धरणही तळाला गेलं. आबा तेव्हा नव्हते. आजीनं एका सकाळी हट्ट धरला, मला मळ्यात घेऊन चल. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, मोटारसायकलवर मागं बसून भेगाळलेल्या गाळातून आली. मला तिथं सगळीकडं सारखंच दिसत होतं: गाळ, शिंपले, मेलेल्या माशांचा वास. ती मात्र एका दिशेनं चालत राहिली. किल्ल्याचा उंचवटा कुठं आणि टेकडीवरचं झाड कुठं याचा काही हिशेब ती मनाशी करत होती. मग थांबली आणि काठीनं गाळ उकरायला लागली.

थारोळं होतं. मोटेचं पाणी ज्यात ओतायचं तो दगडी हौद, काठोकाठ गाळानं भरलेला. एका बाजूला दगड झिजून गुळगुळीत झाला होता. मोट टेकायची ती जागा, ती म्हणाली, इथून पाट निघायचा, इथं मी पहिल्या दिवशी पाय धुतले. विहीर बुजून गेली होती, तांब्याचा विषय तिनं काढला नाही. आम्ही दोघींनी हातांनी गाळ काढला. नखांत काळी माती गेली, दुपार चढली. शेवटी तिनं माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि थारोळ्यात रिकामी केली. पाणी क्षणभर थांबलं, मग पाटाच्या तोंडाकडं सरकलं. उतार अजून बरोबर होता.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस लागला. मी पुण्याला होते. रात्री आजीचा फोन आला. नर-मादीचं तिनं विचारलं नाही, ते गावात सगळे विचारत होते. तिनं विचारलं, "उद्या येतीस का? धरणावर जाऊन मला बघून सांग, थारोळं बुडालं का."