दाढ ठणकायच्या आधी : दातांच्या डॉक्टरची भीती आणि किडलेल्या दाढेचा इलाज

दाढ किडली आहे हे आपल्याला बहुधा कित्येक महिने आधीच माहीत असते. आरशात काळा ठिपका दिसतो, गोड खाल्ले की कळ येते, मटणाचा रेषा रोज त्याच एका जागी अडकतो. तरी आपण जात नाही. लवंग दाबतो, मेडिकलमधून गोळी आणतो, चावायची बाजू बदलतो. विचारले तर वेळ नाही, पैसे नाहीत असे सांगतो. ते खोटे नसते, पण पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते : ती खुर्ची, ती सुई आणि त्या मशीनचा आवाज.

सातारा-सांगली भागात दातांच्या डॉक्टरांची वानवा नाही. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचे डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचे आहे. तालुक्याच्या गावांतही आता खासगी दवाखाने झालेत. म्हणजे आपल्या बऱ्याच जणांसाठी अंतर हा प्रश्न उरलेला नाही.

मग भीती येते कुठून? बरीचशी ऐकीव असते. घरात कोणी तरी सांगितलेले असते, "मेरे वक्त सुई लगीच नहीं, वैसेच दाढ निकाले." ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी समजून घेतली तर भीतीचा मोठा भाग आपोआप सुटतो.

दाताचे सगळ्यात बाहेरचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण भाग. त्यात नस नसते, म्हणून कीड तिथे असेपर्यंत काहीच दुखत नाही. त्याच्या आतल्या थरात कीड गेली की थंड आणि गोड लागायला लागते, पण कळ येते आणि लगेच जाते. या टप्प्यावर साफ करून सिमेंट भरले की काम होते. अनेकदा एकाच बैठकीत, आणि लहान कीड असेल तर सुईशिवायही. त्यापुढे कीड नसेपर्यंत पोचते. मग गरम चहाने ठणका सुरू होतो, थांबत नाही, रात्री आडवे पडले की वाढतो. आता रूट कॅनल करायचे किंवा दाढ काढायची, एवढेच उरते.

इथे खरी मेख आहे. सुन्न करायचे औषध, म्हणजे लिग्नोकेन, सुजलेल्या जागी कमी चालते. सूज आणि पू असलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि तिथे हे औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणजे जो माणूस भीतीने दोन वर्षे थांबतो आणि ठणका असह्य झाल्यावर रात्री जागून सकाळी दवाखाना गाठतो, त्यालाच सुई कमी लागण्याची शक्यता जास्त. तो घरी येऊन आपली हकीकत सांगतो आणि ऐकणारे आणखी दहा जण थांबतात. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे दुखणे, आणि त्या दुखण्यातून पुन्हा भीती. तोडायचे असेल तर हे चक्र पहिल्या जागीच तोडावे लागते.

आणि असा ठणका लागलाच असेल तरी निराश व्हायचे कारण नाही. डॉक्टर आणखी एक डोस देतात, दुसऱ्या जागी सुई देतात, गरज वाटली तर आधी सूज उतरवतात. पूर्ण सुन्न झाले नसेल तर "अजून दुखतंय" म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सहन करून दाखवण्यात कसलीही मर्दानगी नाही.

जुन्या लोकांची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले आणि १९४८ साली बाजारात आले. हवेच्या दाबावर अतिवेगाने फिरणारे मशीन १९५७ नंतरचे. त्याआधी हळू फिरणाऱ्या यंत्राने दाढ कोरली जायची, ते प्रकरण खरेच कठीण होते. आपल्या देशात दातांचे शिक्षण सुरू करणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे नाव इथे घेतले पाहिजे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ साली पदवी घेऊन ते परत आले आणि १९२० साली कोलकात्यात देशातले पहिले डेंटल कॉलेज काढले. आज ते कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळतात. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकात हे नाव क्वचितच भेटते, म्हणून हे थोडे विषयांतर.

भीती किती आहे ते मोजा

भीती मोजायचीही एक पद्धत आहे. १९६९ साली नॉर्मन कोराह यांनी चार प्रश्न तयार केले, १९९५ साली हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी त्यात सुईचा पाचवा प्रश्न घातला. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचे आहे, बाहेर बाकड्यावर नंबराची वाट बघताय, दाढ कोरायची आहे, दात साफ करायचे आहेत, वरच्या हिरडीत सुई द्यायची आहे : या पाच वेळांना किती घाबरायला होईल, याला प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. अजिबात नाही तर १, प्रचंड तर ५. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती खूप मोठी समजतात.

याचा उपयोग असा की नेमकी कशाची भीती आहे ते कळते. कुणाला सुईची असते, कुणाला आवाजाची, कुणाला तोंडात पाणी साठून गुदमरल्यासारखे होण्याची. काहींना तर दुखण्याची भीती नसतेच, लाज वाटत असते. मिश्रीने काळे झालेले दात दाखवायची लाज. "एवढे दिवस काय करत होता?" हे ऐकावे लागेल याची लाज. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगितले तर ते त्याप्रमाणे वागू शकतात. न सांगता खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो तर त्यांना कळणार कसे?

पहिल्या भेटीत फक्त दाखवायचे, काही करून घ्यायचे नाही, असे आधीच ठरवून जा आणि तसे सांगा. तपासणी, एक्स-रे, खर्चाचा अंदाज कागदावर, बस्स. या भेटीत दुखण्यासारखे जवळजवळ काही नसते. दुसऱ्या वेळी सकाळची वेळ मागा, म्हणजे दिवसभर धास्ती घेऊन बसावे लागत नाही. पोटभर नाश्ता करून जा. रिकामे पोट आणि भीती एकत्र आली की चक्कर येते आणि बिचाऱ्या सुईचे नाव खराब होते. साखरेच्या रुग्णांनी नेहमीची गोळी आणि जेवण चुकवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खुर्चीत बसल्यावर एक खूण ठरवा : डावा हात वर केला की थांबायचे. ही साधी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण लगाम आपल्या हातात आहे हे कळले की मन बरेच शांत होते. सुईच्या आधी हिरडीवर सुन्न करणारे जेल किंवा स्प्रे लावायला सांगा, आणि औषध हळूहळू सोडायची विनंती करा; टोचण्यापेक्षा औषध घाईने ढकलल्याने जास्त दुखते. श्वास चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर. कुणी मनात जिक्र करतात, कुणी कानात इअरफोन लावून तिलावत ऐकतात. मशीनचा आवाजही त्याने झाकला जातो.

एवढे करूनही जमत नसेल तर मार्ग संपत नाहीत. काही ठिकाणी नाकावाटे गुंगीचा गॅस देतात, काही वेळा आधी घ्यायची गोळी देतात. मशीन न लावता हाताच्या हत्याराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धतही आहे. ती १९८०च्या दशकात टांझानियात, जिथे वीजसुद्धा नव्हती अशा गावांसाठी विकसित झाली. सगळ्या दाढांना ती चालत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

डेंटल कॉलेजात खर्च कमी येतो, वेळ जास्त लागतो. विद्यार्थी डॉक्टर काम करतात, शिक्षक येऊन तपासतात. घाईतल्या माणसाला ते कंटाळवाणे वाटेल. भित्र्या माणसाला मात्र ही सावकाशी सोयीची असते.

मिश्री, पडदा आणि रोजा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, सगळ्याच समाजांत, बायका मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच. कितीतरी जणींची सुरुवात दाढदुखीनेच होते. दुखायचे थांबते, पण कीड आत चालूच राहते आणि सवय जडते ती वेगळी. डॉक्टरला टाळण्याचा सगळ्यात महाग सौदा हाच. तोंड वर्षानुवर्षे कुणी बघतच नाही, आणि पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे या कॅन्सरच्या आधीच्या किंवा सुरुवातीच्या खुणा नजरेतून सुटतात. दाढेसाठी गेलेल्या बाईचे तोंड तपासताना हे वेळेत सापडू शकते.

पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायला संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा. दातांच्या शिक्षणात मुली मोठ्या संख्येने आहेत, सोय होते. घरातले कोणी शेजारी उभे राहायला सहसा कुणी हरकत घेत नाही.

गुस्लचा प्रश्नही दबक्या आवाजात विचारला जातो : सिमेंट भरलेल्या दाढेत पाणी पोचत नाही, मग गुस्ल होतो का? जे भरण काढता येत नाही ते दाताचाच भाग मानले जाते आणि गुस्ल होतो, असे उलेमा सांगतात. रोज्याबद्दल जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९७ साली ठराव केला आहे. दाढ कोरणे, काढणे, साफ करणे याने, काही गिळले गेले नाही तर, रोजा तुटत नाही. पोषण न देणाऱ्या सुईनेही तुटत नाही. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, किंवा मगरिबनंतरची वेळ घ्या. रमजान संपेपर्यंत सूज घेऊन बसू नका. मिसवाक सुन्नत आहे, दात स्वच्छ ठेवते, पण पडलेला खड्डा मिसवाकनेही भरत नाही आणि टूथपेस्टनेही नाही.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर भीतीबितीचा विचारच नको, त्याच दिवशी दवाखाना. श्वासाला त्रास असेल तर थेट साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा सांगलीचे सिव्हिल. दाढेचा पू गळ्यात उतरला तर जीवावर बेतू शकते.

मुलांना घाबरवू नका

"अभ्यास कर, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल" हे वाक्य मी पालकसभेत आयांच्या तोंडून ऐकते, तेव्हा मनातल्या मनात कपाळाला हात लावते. त्याच मुलाला पुढच्या महिन्यात दाढ दाखवायला न्यायचे असते! "काहीच होणार नाही" असे खोटे वचनही देऊ नका. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही रीत मुलांच्या दातांचे डॉक्टर १९५९ पासून वापरतात. घरीही तसेच करा. आरसा दाखवा, चमच्याने दात मोजायचा खेळ खेळा.

सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती कायमची असते. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यात दातही बघतात. त्यांनी चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात चुरगळून जाऊ देऊ नका. आणि भरण करून आल्यावर दोन-चार तास ओठ आणि गाल सुन्न राहतात. मुले गंमत म्हणून ते चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो. तेवढा वेळ लक्ष ठेवा, आणि जेवण सुन्नपणा उतरल्यावरच द्या.