घारापुरीचा हत्ती आणि मुंबईची वस्तुसंग्रहालये



वस्तुसंग्रहालय पाहावयास जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिल्या दालनात प्रत्येक मूर्तीपुढे थांबावयाचे, दुसऱ्यात कपाटांवरून नजर फिरवावयाची, आणि तिसऱ्यात पोहोचेपर्यंत पाय दुखू लागल्यामुळे बाहेर पडण्याचा रस्ता शोधावयाचा. पूर्वी आपल्याकडे या संस्थेस अजबखाना म्हणत. ते नाव मागे पडले, तरी पाहणाऱ्याची दृष्टी पुष्कळ अंशी अजबखाना पाहणाऱ्याचीच राहिली आहे. वस्तू सुंदर आहे काय, किती जुनी आहे, तिची किंमत काय असेल, एवढेच आपण विचारतो. ती येथे आली कोठून, तिला कोणी आणिले, आणि तिच्यासारख्या शेकडो वस्तू नाहीशा झाल्या असता हीच का टिकली, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि इतिहास तर तेथूनच सुरू होतो. मुंबईतील दोन मोठ्या संग्रहालयांकडे आज या प्रश्नांच्या साहाय्याने पाहावे असा माझा मानस आहे. आरंभ मात्र मुंबईच्या बाहेरून, आपल्या नवी मुंबईच्या बाजूने करू.

न्हावा आणि उरण यांच्या किनाऱ्यावरून बंदराच्या पाण्याकडे पाहिले असता एक हिरवे, डोंगराळ बेट दृष्टीस पडते. हीच घारापुरी. शासकीय हिशेबाने ती रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. म्हणजे मुंबईचे प्रवासी तिला आपली समजत असले, तरी शेजारी आपण. येथील शैव लेणी सामान्यतः सहाव्या शतकाच्या मध्याची समजली जातात, आणि १९८७ साली त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. पोर्तुगीज लोकांनी या बेटास एलिफंटा हे नाव दिले ते लेण्यांवरून नव्हे, तर दक्षिण बाजूस, उतरण्याच्या जागेजवळ उभ्या असलेल्या एका दगडी हत्तीवरून. १७१२ साली कॅप्टन पाइक नावाच्या इंग्रजाने या हत्तीचे चित्र काढिले. त्यात हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी दिसतो. पुढे ऊनपावसाने दगड झिजत गेला, आणि १८१४ साली हत्तीची मान व डोके निखळून पडले.

यानंतर त्याच्या आयुष्यात एक विलक्षण प्रसंग आला. १८६४ साली हा भग्न हत्ती उचलून इंग्लंडास न्यावा असा बेत ठरला. परंतु उचलतेवेळी यारीने दगा दिला, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. तुकड्यांचा ढीग विलायतेस नेऊन कोणास काय उपयोग? तो मुंबईतच, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून टाकण्यात आला. तेथे सुमारे पन्नास वर्षे लोटल्यावर १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट यांनी ते तुकडे सांधून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याचे सांधे जवळून पाहणाऱ्यास दिसतात, आणि ते लपविलेले नाहीत हेच बरे आहे. यारी मजबूत असती, तर हा हत्ती पाहावयास आपल्याला लंडनचा प्रवास करावा लागला असता. त्याचे येथे राहणे हा कोणाच्या शहाणपणाचा परिणाम नाही. तो एका अपघाताचा परिणाम आहे.

त्याच बेटावरील दुसऱ्या एका दगडाचे नशीब मात्र इतके चांगले नव्हते. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याने लिहून ठेविले आहे की, या लेण्यांपाशी अक्षरे कोरलेली एक शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढून आपल्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे, पाठविली. ती वाचू शकेल असा मनुष्य शोधण्याचा राजाने यत्न केला. तो सफल झाला नाही. पुढे ती शिळा कोठे गेली याचा पत्ता नाही. या एका घटनेचा परिणाम किती दूरवर पोहोचला पाहा. त्रिमुखी महेशमूर्तीसारखे शिल्प ज्यांनी निर्माण केले, त्यांचे नाव आज आपणास निश्चयाने सांगता येत नाही. घारापुरीवर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बऱ्याच संख्येने मिळाली, म्हणून लेणी कलचुरींच्या काळातील असावीत, असे काही पंडित अनुमान करितात. जेथे शिळा स्वतः बोलली असती, तेथे आता लहानशा नाण्यांकडून साक्ष काढावी लागते. शिळा फोडली गेली असती, तरी तिचे चार तुकडे बेटावरच राहिले असते आणि कालांतराने कोणी ते वाचिलेही असते. ती शाबूत स्थितीत दूर नेली गेली आणि वाचणाऱ्यांच्या हातून कायमची सुटली.

तुकड्याची योग्यता किती मोठी असते, याचे उदाहरण मुंबईच्या उत्तरेस मिळते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याजवळील सोपारा येथे एका दगडाचा भग्न भाग आढळला. त्यावर ब्राह्मी लिपीतील थोड्याच ओळी उरल्या होत्या. परंतु त्या सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखातील आहेत, हे त्यांनी ओळखिले. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात कोकणच्या या बंदरापर्यंत मौर्यांची सत्ता पोहोचली होती, याचा प्रत्यक्ष पुरावा त्या फुटक्या दगडाने दिला. १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचाही तुकडा मिळाला, आणि तो आज फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो. आठव्या लेखाचा विषयही आपल्या आजच्या बोलण्याशी जुळणारा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या व करमणुकीच्या विहारयात्रा करीत. अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, असे त्यात सांगितले आहे. जाणे तेच, पाहणेही तेच. हेतू बदलला की यात्रेचे नाव बदलते.

पंडित भगवानलाल यांना या मार्गास लाविले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८२२ साली गोमंतकात जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर. दिवसा रोग्यांच्या नाड्या पाहावयाच्या आणि उरलेल्या वेळात ताम्रपट व शिलालेख वाचावयाचे, असा त्यांचा क्रम होता. भायखळ्याचे संग्रहालय उभे राहण्यात त्यांचा मोठा वाटा आहे; आणि त्या संग्रहालयाची कथाही हत्तीच्या कथेसारखी मोडण्याची व सांधण्याची आहे.

१८५५ साली पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातील कारागिरीचे व निसर्गसंपत्तीचे नमुने गोळा करण्यात आले. त्या निमित्ताने फोर्टातील टाउन बराकीत एक सरकारी संग्रहालय निघाले, आणि डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याचे व्यवस्थापक झाले. दोन वर्षांतच १८५७ चे युद्ध पेटले. सैन्यास बराकीची जागा हवी होती. संग्रह तातडीने बाहेर काढण्यात आला आणि त्यातील पुष्कळ वस्तू मोडल्या व हरवल्या. जे उरले ते जमवून डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुन्हा संस्था उभारण्याचा उद्योग आरंभिला. जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्यासारखे नागरिक पाठीशी उभे राहिले, वर्गणी गोळा झाली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढून मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला, भल्याभल्यांचे दिवाळे निघाले आणि संग्रहालयाचे कामही अडले. शेवटी सरकारने भर घालून ते पुरे केले, आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे त्याचे मूळ नाव १९७५ साली बदलून त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. नाव बदलले, परंतु वास्तूची हेळसांड थांबली नाही. पुढे मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला. त्या कामास २००५ साली युनेस्कोचा सन्मान मिळाला, आणि २००८ साली दालने पुन्हा उघडली. म्हणजे ही संस्था एकदा सैन्याच्या गरजेमुळे, एकदा बाजाराच्या पडझडीमुळे आणि एकदा आपल्याच उदासीनतेमुळे संकटात आली. आणि तीनही वेळा काही थोड्या माणसांच्या आग्रहामुळे वाचली.

फोर्टातील संग्रहालयाचा अनुभवही निराळा नाही. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सने बसविली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट असलेली ती इमारत जॉर्ज विटेट या स्थापत्यकाराने रचिली. १९१४ साली ती तयार झाली तोच महायुद्ध सुरू झाले आणि मूर्तींच्या जागी जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. संग्रहालय म्हणून तिचे दार उघडावयास १९२२ चा जानेवारी उजाडला. आत गेल्यावर जी चित्रे व कलावस्तू आपण पाहतो, त्यांपैकी पुष्कळ शेट पुरुषोत्तम मावजी यांच्या संग्रहातून आणि सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या आहेत. वस्तूखालील चिठ्ठीवर दात्याचे नाव असते; ते वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

मोडलेले सांधण्याचा हा उद्योग जगात सर्वत्र चालतो. रोम शहरी व्हॅटिकनच्या संग्रहालयात लाओकोऊनचा प्रख्यात संगमरवरी पुतळा आहे. १५०६ साली तो जमिनीतून निघाला तेव्हा त्याचा उजवा हात नव्हता. हात कसा असेल याविषयी मोठमोठ्या कलावंतांनी तर्क केले आणि सरळ वर उगारलेला हात बसविण्यात आला. १९०६ साली लुडविग पोलाक या जाणकारास रोममधील एका पाथरवटाच्या आवारात एक दुमडलेला संगमरवरी हात दिसला. तो त्याच पुतळ्याचा असावा असे त्याने ताडले, आणि अर्धशतकानंतर तो पुतळ्यास जोडण्यात आला. चारशे वर्षांचा तर्क एका तुकड्याने खोटा ठरविला. तुकडा फेकून न देता ठेवून देणारा कोणी होता, आणि पाहून ओळखणारा कोणी होता, म्हणूनच हे घडले.

आता आपल्या घरापाशी येऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईची आखणी झाली. भाताची शेते, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळ्यांची गावे. मागील पन्नास वर्षांत येथील पुष्कळ घरांतून पायली-अधोली गेली, उखळ-मुसळ गेले, हाताने विणलेली जाळी गेली. यांतील एखादी वस्तू आज जुन्या सामानाच्या दुकानात शोभेसाठी विकावयास ठेविलेली दिसते. ती शाबूत असते, पण कोणत्या गावची, कोणाच्या हातची, कशासाठी वापरलेली, हे दुकानदारास ठाऊक नसते. घारापुरीच्या हरवलेल्या शिळेचीच ही लहान आवृत्ती आहे.

यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरात किंवा शेजारच्या गावठाणात अशी एखादी वस्तू असेल, तर तिच्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारावे आणि गाव, वापरणाऱ्याचे नाव, उपयोग व वर्ष एका कागदावर लिहून तो कागद वस्तूबरोबर ठेवावा. पुढे कधी संग्रहालय झाले, तर वस्तू आणि कागद दोन्ही त्याच्या उपयोगी पडतील. आणि भायखळ्यास जाल तेव्हा दालनांत शिरण्यापूर्वी आवारातील हत्तीस एक प्रदक्षिणा घालावी, त्याचे सांधे मोजावेत, आणि मुले बरोबर असल्यास तो आपल्या समोरच्या बेटावरचा आहे हे त्यांना अवश्य सांगावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.