स्वप्ने, प्राण्यांची

झोपलेला कुत्रा पाय झाडतो, दबक्या आवाजात भुंकतो. त्यावरून ॲरिस्टॉटलनेही कुत्र्यांना स्वप्ने पडतात असे मानले होते. ठोस पुरावा मात्र विसाव्या शतकापासूनचा. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मस्तिष्क स्तंभातील, स्वप्ननिद्रेत स्नायू सैल ठेवणारा भाग निकामी केला. मग ती झोपेतच उठून, दबा धरून, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. प्रयोग क्रूर, पण निष्कर्ष विलक्षण. २००१ मध्ये केनवे लुई व मॅथ्यू विल्सन यांना उंदरांच्या मेंदूत, जागेपणी वर्तुळाकार मार्गावर धावताना उमटलेला चेतापेशींचा क्रम स्वप्ननिद्रेत पुन्हा उमटलेला आढळला. शिकलेले पक्के करण्याची ही प्रक्रिया असावी. झेब्रा फिंच पक्ष्याच्या मेंदूतही झोपेत स्वतःच्या गाण्याची उजळणी चालते.