ताईमहाराज प्रकरण आणि एका दिवसाचे मृत्युपत्र

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले, आणि त्यांचे मृत्युपत्र त्याच दिवशीचे आहे. विश्वस्तांत राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले टिळक होते, त्यांचे सहकारी खापर्डे होते. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने त्यांच्या मांडीवर दत्तक द्यावा, असे त्या कागदात होते. मुलगा झाला आणि अल्पावधीतच गेला. आता दत्तक घ्यायचा हे ठरलेले, पण कोणाचा मुलगा घ्यायचा ते मोकळेच राहिले होते. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस विश्वस्तांच्या संमतीने जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक झाला. पण ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापुरात दुसऱ्याच मुलाला, बाळामहाराजांना, मांडीवर घेतले. पुढे कोर्टकचेऱ्या. टिळकांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, आणि जगन्नाथाचे दत्तकविधान खरे ठरायला प्रिव्ही कौन्सिलचा १९१५ चा निकाल यावा लागला.

हे प्रकरण टिळकांच्या सरकारी छळाची कथा म्हणून सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण सरकारला शिरकाव मिळाला तो घाईच्या कागदातल्या फटीतून, असे माझे मत आहे. या घाईमागे जुनी रीत होती. मिताक्षरा कायद्यात एकत्र कुटुंबातल्या मुलाचा हक्क जन्मानेच येई, त्यामुळे मृत्युपत्राचे कारण पडत नसे. निपुत्रिकाची काळजी दत्तकाची, आणि तीही अनेकदा शेवटच्या घटकेपर्यंत लांबे. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही. आधी घेतला असता तर मानला असता असेही नाही; पण वाटाघाटीला राजा उरलाच नाही.

कोणी म्हणेल, धडधाकटपणी केलेले मृत्युपत्र पुढे शिळे होते, घरात मूल येते, जमीन विकली जाते. खरे आहे, म्हणूनच ते हयातीत कितीही वेळा बदलता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : पोटातले मूल मुलगा की मुलगी, जगेल की नाही, हे बाबामहाराजांना आधी तरी कुठून कळणार? कळले नसतेच. पण निरोगी असताना कोणत्या घराण्यातला मुलगा घ्यावा, पत्नीच्या पसंतीला किती मान असावा, हे त्यांना तिच्याशी बोलून लिहिता आले असते. त्या कागदात पत्नीची मांडी आहे, पण निवडीचा अधिकार विश्वस्तांच्या संमतीला बांधलेला; आणि नवऱ्याच्या मनात नेमके काय होते, ते कळायला पुढे मार्ग उरला नाही.