पुढचं चाक, मागचं चाक

पनवेल तालुक्यातल्या गव्हाण फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर चाकांचं एक छोटं प्रदर्शनच पाहायला मिळतं. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर पुढे एकेरी आणि मागे जोडचाकांवर चाललेले असतात. एखादा ट्रॅक्टर जातो, त्याची पुढची चाकं चिमुकली आणि मागची पुरुषभर उंच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईच्या महागड्या स्पोर्ट्स कारही या भागात दिसू लागल्या आहेत. त्यांच्याकडे मागून नीट पाहिलं, तर मागचे टायर पुढच्यांपेक्षा चांगलेच रुंद आढळतात. गाडीची चारही चाकं सारखीच असतात, अशी आपली समजूत. मग हा भेद कशासाठी? याचं उत्तर शोधायचं तर मोटारीच्याही मागे, बैलगाडीपर्यंत जावं लागतं.

आणि त्यासाठी पनवेलसारखं गाव नाही. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून बोरघाट चढायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचे गाडीवान माल घेऊन थेट पनवेलला येऊ लागले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाकं बनवण्याचीच नोंद केली आहे. घाटावरून आलेला गाडीवान परत जाताना इथून चाकांची एक जोडी नेण्याचा प्रयत्न करी, असंही त्यात म्हटलं आहे.

'जोडी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बैलगाडीला दोनच चाकं, म्हणजे पुढचं-मागचं हा प्रश्नच नाही. पण एका आसावरची दोन्ही चाकं तंतोतंत सारखी हवीत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवतीचा लाकडी घेर आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. पाणी ओतलं की धाव आवळते आणि सगळं चाक घट्ट होतं. चाक मोठं असलं तर खड्डा सहज पार होतो आणि बैलांना ओढ कमी लागते. म्हणून बैलगाडीचं चाक मोठंच असायचं.

चार चाकं आली तेव्हा खरी अडचण झाली. मुंबईकरांना व्हिक्टोरिया आठवत असेल. २०१५ साली उच्च न्यायालयाने या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. तिची मागची चाकं मोठी आणि पुढची लहान असत. हे शोभेसाठी नव्हतं. वळताना पुढचा सगळा आस घोड्यांबरोबर फिरायचा. चाक मोठं असतं तर ते गाडीच्या अंगाला अडलं असतं. म्हणजे मागच्या चाकाने ओझं वाहायचं आणि पुढच्याने वळायचं, अशी कामाची वाटणी तेव्हाच झाली होती.

ही अडचण म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने सोडवली. आस जागेवर ठेवून पुढचं प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर फिरवायचं, अशी त्याची युक्ती. १८१८ साली तिचं इंग्लंडमधलं पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी घेतलं आणि नावही त्यांचंच राहिलं. आजची प्रत्येक मोटार याच तत्त्वावर वळते. आता पुढचं चाक लहान ठेवण्याची सक्ती उरली नाही.

तरी मोटारीने चारही टायर लगेच सारखे केले नाहीत. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी ही सामान्य माणसाची गाडी. तिच्या पुढच्या टायरचं माप होतं ३० बाय ३ इंच आणि मागच्याचं ३० बाय साडेतीन. उंची तीच, पण मागचा टायर अर्धा इंच जाड. कारण उघड होतं. माणसं आणि सामान यांचा बहुतेक भार मागच्या चाकांवर यायचा आणि गाडीला ढकलायचं कामही त्यांचंच होतं.

मग चारही टायर सारखे का झाले? उत्तर आपल्या तोंडी रोज असलेल्या एका शब्दात आहे: स्टेपनी. वेल्समधल्या लॅनेली गावी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला. तिथल्या स्टेपनी रस्त्यावरून त्या चाकाला हे नाव पडलं आणि ते आपल्या मराठीत कायमचं मुक्कामाला आलं. दोन मापांची चाकं म्हणजे दोन स्टेपन्या. एका स्टेपनीत भागवायचं तर चारही चाकं सारखी हवीत. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी घ्या. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, पण चारही टायर एकाच मापाचे. ट्रेलरनेही हाच विचार केला. भार वाढला म्हणून मागे मोठं चाक न लावता त्याच मापाची दोन लावली.

स्पोर्ट्स कारला मात्र ही तडजोड परवडत नाही. पोर्श कंपनीच्या ९११ या गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं, त्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर पडतो. वेगात वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाण्याचा धोका असे. १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या 'करेरा आरएस' मध्ये कंपनीने पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० मापाचे टायर दिले. रिम दोन्हीकडे १५ इंच व्यासाचीच, फक्त मागची एक इंच रुंद.

हे आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. आता हिशेब करा. पुढची भिंत १२९.५ मिलिमीटर, मागची १२९. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले, की पुढचं चाक ६४० आणि मागचं ६३९ मिलिमीटर उंच. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक, उंचीत एकाचा. निवडीचं मर्म इथेच आहे. पकड वाढवायला रुंदी वाढवा, पण उंची सांभाळा. उंची बदलली की वेगदर्शक काटा खोटं बोलू लागतो. चारही चाकांचा वेग मोजून ब्रेक सांभाळणारी आजची एबीएस यंत्रणाही गोंधळू शकते.

मग सगळीकडेच रुंद टायर का नकोत? कारण रुंद टायर पावसात पाण्यावर तरंगू पाहतो, आणि कोकणात पावसाचे चार महिने असतात. पुढे फार रुंद टायर घातला तर स्टिअरिंग जड होतं आणि रस्त्याच्या प्रत्येक चरीमागे ओढ घेतं. मागचे रुंद असले तर पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून सारखे झिजवताही येत नाहीत.

हा इतिहास आज सांगायचं कारण गव्हाण-उलव्याच्या रस्त्यांवरच आहे. साध्या गाडीला, जिचा जोर पुढच्या चाकांना असतो, केवळ ऐट म्हणून मागे रुंद टायर चढवले जातात. अशा गाडीत चालवण्याचं, वळण्याचं आणि ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागे रुंदी वाढवून तिला वेग मिळत नाही. उलट वळणावर ती सरळ जाऊ पाहते. मूळ बनावटीत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आडवं येतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच बजावलं.

चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने दिलेलं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. तो वाचायला पैसे पडत नाहीत. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. पुढचं चाक घसरलं तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते. मागचं घसरलं तर ती गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. सारख्या चाकांची जोडी निवडून घेणाऱ्या घाटावरच्या गाडीवानाला चाकाची किंमत ठाऊक होती. त्याचा सगळा संसार त्या दोन चाकांवर घाट चढायचा. आपला तर ताशी शंभराच्या वेगाने चारांवर चाललेला असतो.